पाऊण शेराचं पाऊण

पाऊण शेराचं पाऊण किती होतं, सांगू शकाल? कागद न घेता, बोटं न मोजता, आत्ता? बहुतेक जण "अर्ध्या शेराच्या आसपास" म्हणून पुढची ओळ वाचायला लागतील. तुम्ही त्यांतले असाल तर आमच्या मास्तरांचं आणि तुमचं एक दिवसही पटलं नसतं. "आसपास" हा शब्द त्यांच्या शाळेत बंद होता.

ती शाळा पोलादपुराहून उमरठकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका वाडीत. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पुढे पडवी. मी दुय्यम शिक्षक म्हणून तिथे गेलो तेव्हा विशीत होतो. महाडात पाण्यावरून जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खिशात कायम दोन-चार पत्रकं असायची आणि तोंडात त्यांचीच भाषा. पहिल्याच दिवशी मी मास्तरांना म्हणालो, "या भागातले सगळे लोक अडाणी आहेत."

"सगळे म्हणजे किती? नावं द्या," मास्तर म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कागद आणि टाक माझ्यापुढे सरकवला. शाळा सुटेपर्यंत मला सात नावं सुचली. त्यांतली दोन त्यांनी खोडली, कारण त्या दोघांना तेराची निमकी, म्हणजे तेराचं निम्मं, तोंडी येत होती.

मास्तरांच्या अंगात बंद गळ्याचा काळा कोट, हातात बोटाबोटावर खुणा केलेली वेळूची काठी. विहिरीचं पाणी, बैलाचं शिंग, पडवीची ओल भिंतीवर किती चढली ते, सगळं त्या काठीने मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. एकदा महाडच्या बंगल्यावर दिपोटीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, त्यांना खरडपट्टीसाठी बोलावलं होतं. साहेब रागारागाने शेरा लिहीत होते आणि दौत सारखी घसरत होती. मास्तरांनी वाकून टेबलाला काठी लावली. "साहेब, डावीकडे दीड बोट उतार आहे." मग खिशातला कागद घडी करून टेबलाच्या पायाखाली सारला आणि पुन्हा सरळ उभे राहिले. "आता लिहा."

साहेबांचा राग त्या दिवशी तिथेच संपला. मनुष्य तसा वाईट नव्हता. भित्रा होता.

मास्तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला अहो म्हणत. "अहो तुळसाबाई, आपलं पाऊण कुठे सांडलं?" तुळसा महारवाड्यातली, नऊ वर्षांची. पाटील एकदा मुद्दाम शाळेत आले.

"मास्तर, त्या पोरीला अहो म्हनता. मग आमच्या बाळ्याला काय म्हनाल?"

"त्यांनाही अहोच म्हणतो."

"त्येच तर म्हनतोय मी."

मास्तरांची स्वतःची जात कोणती, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. विचारणाऱ्याला ते पाढा विचारत. पाढा आला तर पुढचा विचारत. तिसऱ्या पाढ्यापर्यंत कोणी टिकलेलं मी पाहिलं नाही.

त्यांची आणखी एक रीत होती आणि ती मला सुरुवातीला छळासारखी वाटली. त्यांच्या शाळेत पाटी पुसायची नाही. गणित चुकलं तर आकड्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, का चुकलं ते. "हातचा विसरलो." "शेजारी बघून लिहिलं." "घाई केली." कारण लिहिल्याशिवाय पाटीला ओलं बोट लावता यायचं नाही. पहिल्यांदा मुलं रडत. मग मात्र त्यांना त्याची चटक लागे. कारण सापडलं की उत्तर सापडल्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

आता राशीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यावरून झालं.

शाळेच्या मधोमध चटईवर भाताची एक रास असे. प्रत्येक मुलाने पहिल्या वर्षी घरून एक ओंजळ भात आणायचं आणि राशीत टाकायचं. तिच्याभोवती वेळूची पेरं कापून केलेली मापं: शेर, पाऊण शेर, अर्धा, पावशेर, अदपाव आणि शेराचा सोळावा भाग म्हणजे छटाक. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मास्तर घोकून घेत नसत. मूल राशीत हात घालून माप भरी, ओती, पुन्हा भरी, आणि पाढा स्वतः तयार करी. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतात. मुलंही घरच्या सवयीने "लाभ, दोन, तीन" म्हणायची. मास्तर थांबवत. "एक म्हणा. लाभ झाला की नाही ते शेवटी बघू." धोंडू गाडीवान दारातून ऐकत असे. तो म्हणायचा, "मास्तर, ह्यानं घरातली बरकत जाईल." मास्तर म्हणत, "किती जाईल तेवढं सांग, भरून देतो."

ज्या राशीत बाळ्याचा हात तिच्यातच तुळसाचा हात, हे गावाच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. मग तक्रार गेली आणि शाळा चालवणाऱ्या जिल्हा बोर्डाचं पत्र आलं: महारवाड्यातल्या मुलांची रास वेगळी करून त्यांना पडवीत बसवावं, नाहीतर ही पद्धत बंद करावी. मास्तरांनी दोन्ही करायला नकार दिला. मग बदलीची भाषा सुरू झाली.

दिपोटीसाहेबांनी आम्हाला महाडला बोलावून वाट दाखवली. नाताळच्या सुटीत पुण्याला देशभरातल्या शिक्षकांची परिषद भरणार होती. तिच्यात शिक्षणाच्या साधनांचं प्रदर्शन होतं. "गणिताची तुमची पद्धत तिथे मांडा. परीक्षक समितीचं प्रशस्तिपत्र आणा. ते माझ्या हातात असलं तर बोर्डापुढे मला तोंड उघडता येईल. नसलं तर मी काही करू शकत नाही." म्हणजे एका कागदावर ठरणार होतं की तुळसा आणि तिच्याबरोबरची आठ मुलं आत बसणार की पडवीत.

आम्ही निघालो. धोंडूच्या बैलगाडीने आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर, तिथून मोटारीने पुणे. गाडीत मापांची पेटी, तक्ते आणि राशीचं पोतं.

"मास्तर, पुन्यात भात मिळत नाय काय?" धोंडू म्हणाला. "बैलांचा जीव चाललाय हितं."

"मिळतं. पण ते अजून शाळेत गेलेलं नाही."

मला ती थट्टा वाटली. चढावर मास्तरांनी समजावलं. नव्या भाताला बारीक कुसळं असतात. दाणे एकमेकांना अडतात आणि मापात पोकळी राहते. दोन-तीन वर्षं मुलांच्या हातांतून फिरलेलं भात गुळगुळीत होतं, मापात सारखं बसतं, म्हणून उत्तर बरोबर येतं. त्यांनी हे तागडीने तोलून पाहिलं होतं. एका वळणावर चाक दगडावर आदळलं आणि पोत्याची शिवण उसवली. धोंडू म्हणाला, मूठभर तर सांडलं, चला. मास्तर उतरले आणि धुळीतून दाणे वेचत बसले. मोटार चुकेल, असं मी तीनदा म्हणालो. मोटार मिळाली, पण जागा टपावर.

पुण्यात आम्हाला जिन्याखालची जागा मिळाली. शेजारी एका प्रांताचे मातीचे पृथ्वीगोल, समोर लाकडी घड्याळं, कोपऱ्यात छापील अंकगणितं विकणारे एक गृहस्थ. मास्तरांनी रास ओतली आणि वर पाटी लावली: "हात घातल्यावाचून मत देऊ नये." शेजारी शेरेबुक, म्हणजे आल्यागेल्याने अभिप्राय लिहावा म्हणून ठेवलेली वही.

पहिल्या दिवशी कॉलेजातले एक गणिताचे प्राध्यापक आले. मास्तरांनी विचारलं, पाऊण शेराचं पाऊण किती?

"नऊ सोळांश," त्यांनी चालता चालता उत्तर दिलं.

"बरोबर. दाखवा."

प्राध्यापक थांबले. त्यांनी मापांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, "आमच्या तुळसाबाई दाखवतात. बाह्या वर करा." प्राध्यापकांनी कोट काढला. राशीतून पाऊण शेर भरला, चार सारख्या पेरांत वाटला, चारही हलवून पातळी एक केली. मग तीन पेरं अर्ध्या शेराच्या मापात ओतली. माप काठोकाठ भरलं. उरलेलं छटाकाच्या मापात गेलं आणि तेही काठोकाठ भरलं. एक दाणा वर नाही, एक कमी नाही. अर्धा शेर एक छटाक. प्राध्यापक त्या छटाकाकडे बघतच राहिले. "हे मी इतकी वर्षं शिकवतो आहे," ते म्हणाले.

त्यानंतर गर्दी हटेना. मास्तर प्रत्येक हाताला एक चिंचोका गाडग्यात टाकत होते. शेरेबुकाची सोळा पानं भरली. संध्याकाळी परीक्षक समितीचे अध्यक्ष स्वतः येऊन सांगून गेले, "मास्तर, उद्या निकाल आहे. काळजी नसावी."

इथे माझी चूक सुरू होते.

गर्दीतले एक गृहस्थ हात झटकत मला म्हणाले होते, "कोकणात अजून शिवाशिव फार, नाही? आमच्याकडे शिकलेल्या लोकांत आता ती राहिली नाही." मला ते वाक्य झोंबलं. मी म्हटलं, नाही राहिली तर दाखवा. सकाळी मास्तर आंघोळीला गेले असताना मी मोठ्या अक्षरांत फलक लिहिला आणि राशीवर टांगला: "काल ज्यांनी या राशीत हात घातले त्यांना कळावे की या राशीला सर्व जातींच्या मुलांचे हात लागलेले आहेत, अस्पृश्य म्हणून बाहेर बसवलेल्यांचेही."

दार उघडलं. लोक आले, वाचलं, थबकले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते मागे सरले आणि रास एकटी पडली.

मास्तर आले. त्यांनी फलक दोनदा वाचला. मला वाटलं, आता उतरवणार.

"कोणी लिहिलं?"

"मी."

"चूक आहे."

"मास्तर, यात एक अक्षर खोटं नाही."

"सर्व जातींच्या, असं लिहिलंत. आपल्याकडे किती जातींची मुलं आहेत?"

मी बोटांवर मोजू लागलो.

"पाच. कातकरवाडीतून अजून एकही मूल येत नाही. त्यांच्याही नावावर तुम्ही शाबासकी घेतलीत." त्यांनी शाई घेतली, "सर्व जातींच्या" या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, "पाच जातींच्या बेचाळीस". आणि बाजूला, आमच्या पाटीच्या रिवाजाप्रमाणे, "चूक: न मोजता लिहिले." फलक तसाच टांगलेला ठेवला. आता त्याच्यावर शंका घ्यायलाही जागा उरली नाही.

थोड्या वेळाने पहिला माणूस आला. कालचा शेरा खोडायचा होता. त्याने वही ओढली. मास्तरांनी वहीवर हात ठेवला.

"खोडा. शेजारी कारण लिहा."

"कारण कसलं? माझा शेरा, मी खोडतो."

"आमच्या शाळेत मुलंसुद्धा कारण लिहितात. काल आपण लिहिलंत, 'पद्धत अत्यंत उपयुक्त.' आज ती उपयुक्त नाही, तर कुठे चुकली? मला दुरुस्त करता येईल."

त्या माणसाने टाक हातात धरला. शाई टोकाला जमली. तो टाक खाली ठेवून निघून गेला. त्याच्यामागे रांग लागली होती. अकरा जण. प्रत्येकाला मास्तरांनी त्याच शांत आवाजात तेच सांगितलं. कोणी म्हणालं, तुम्ही फसवलंत. मास्तर म्हणाले, "मग तसं लिहा. कोणत्या मापात फसवलं तेही लिहा." दहा जण काही न लिहिता परतले. अकराव्याने, एका वयस्कर हेडमास्तरांनी, मात्र कारण लिहिलं. तीनच शब्द: "घरी काय सांगू?"

मास्तरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "हे कारण खरं आहे. खोडा आपण."

हेडमास्तरांनी खोडलं.

दुपारी अध्यक्ष आले. बरोबर गडी, गड्याच्या डोक्यावर बाजारातून आणलेलं भाताचं नवं पोतं. ते हलक्या आवाजात बोलले. प्रशस्तिपत्र लिहून तयार आहे, फक्त सही राहिली आहे. हा फलक काढा, ही रास काढा, हे स्वच्छ भात वापरा. समिती पुन्हा एकदा बघेल आणि सही होईल. "पद्धत तुमचीच राहते, मास्तर. नुसतं भात बदला."

मी मास्तरांकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे तुळसा होती. खरं सांगतो, मनातून मी म्हणत होतो, घ्या. पत्रकं वाचून वाढलेला मी मनात म्हणत होतो, घ्या ते पोतं, आणि पोरीला आत बसू द्या.

मास्तरांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पोतं उघडलं, नव्या भाताने पाऊण शेर भरला, चार पेरांत वाटला, हलवलं, तीन पेरं अर्ध्या शेरात ओतली. भात मापावर डोंगरासारखं उभं राहिलं. त्यांनी काठीने ते सपाट केलं आणि उतरलेलं छटाकात टाकलं. छटाक भरून सांडलं. पुन्हा केलं. या वेळी छटाक भरलंच नाही. तिसऱ्यांदा केलं. तिसरंच उत्तर.

"बघितलंत?" ते म्हणाले. "हे भात खोटं बोलतं. याला अजून पुरेसे हात लागलेले नाहीत."

"मास्तर, थोडं इकडेतिकडे होणारच."

"थोडं म्हणजे किती?"

अध्यक्षांना चीड आली नव्हती, ते अवघडले होते. "तुमच्या मुलांचा तरी विचार करा," ते शेवटी म्हणाले.

"तोच करतो आहे. नऊ मुलांना आत बसवण्यासाठी मी बेचाळीस मुलांना सांगू, की त्यांच्यातल्या काहींचे हात लपवावे लागले? मग ती आत बसून काय शिकतील?"

प्रशस्तिपत्रावर सही झाली नाही.

परतताना आंबेनळीच्या उतारावर मी मास्तरांची क्षमा मागितली. माझ्यामुळे सगळं गेलं असं म्हणालो. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"न विचारता फलक लावलात, ही एक चूक. न मोजता लिहिलंत, ही दुसरी. दोनच. जास्त पदरात घेऊ नका." थोड्या वेळाने म्हणाले, "बाकीच्या त्यांच्या त्यांना असू द्या."

धोंडूला यातलं निम्मंच कळलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे भात परत आनलाव ना? मग झालं तर."

बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खाडीपलीकडे. निघायच्या दिवशी सगळी मुलं पडवीत उभी होती. तुळसाने विचारलं, "मास्तर, तुमी परत येनार?"

तीन वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी एकही अनिश्चित वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "सांगता येत नाही, तुळसाबाई," ते म्हणाले आणि वाटेला लागले.

शाळा आता माझ्याकडे आहे. रास अजून एकच आहे. बोर्डाने तिच्या दोन राशी करून नऊ मुलांना पडवीत बसवण्याची मुदत मला शिमग्यापर्यंत दिली आहे, आणि त्या आधी त्यांची एक बैठक आहे. दिपोटीसाहेब म्हणतात, प्रशस्तिपत्र नाही, पण परिषदेला आलेल्या मोठ्या लोकांनी स्वतः लिहून कळवलं तर मी ते बैठकीत वाचीन. या वेळी त्यांनी मला हे दोनदा सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवतो.

शेरेबुक माझ्या पेटीत आहे. त्यातली नावं मी इथे छापणार होतो. मास्तरांना तसं कळवलं, तर उलट टपाली कार्ड आलं: "शेरा त्यांचा आहे. बाहेर काढायचा तर त्यांनी काढावा." म्हणून एकही नाव छापत नाही. पण त्या दोन दिवसांत ज्यांनी बाह्या सारल्या होत्या त्यांतले पुष्कळ जण हे मासिक वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशीच बोलतो आहे.

एक पोस्टकार्ड घ्या. मोडीत लिहिलंत तरी चालेल. मास्तरांची स्तुती करू नका, मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या वेगळ्या कार्डावर द्या. बोर्डाला एवढंच लिहा, की पोलादपूरकडच्या त्या शाळेच्या राशीत मी माझा हात घातला होता आणि तिच्या दोन राशी करू नयेत असं माझं म्हणणं आहे. कार्ड गड्याकडे देऊ नका, स्वतः जाऊन पेटीत टाका. आणि खाली नाव लिहा, पूर्ण.